पुरुषांचे लाजेचे दुखणे

आजचा विषय जरा अवघड आहे. अवघड म्हणजे समजायला अवघड नव्हे, बोलायला अवघड. पुरुषांच्या लघवीच्या जागी, जांघेत, अंडकोषाच्या पिशवीवर वारंवार उठणारी खाज, आग, लाली, चिरा, पुरळ यांविषयी मी बोलणार आहे. रेडिओजवळ घरातली मंडळी बसली असतील तर त्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. यात ऐकू नये असे काही नाही. उलट आई, बहीण, पत्नी यांच्या कानी ही माहिती पडली तर घरातल्या पुरुषाला दवाखान्यात जाणे थोडे सोपेच होईल.

मी वैद्य नाही. महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नव्हे. डॉक्टरांकडे जाण्याआधी काय समजून घ्यावे, तिथे काय सांगावे आणि काय विचारावे, एवढेच मी सांगणार आहे.

नांदुऱ्याच्या बाजारच्या दिवशी एखाद्या औषधाच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहून पाहा. डोकेदुखीची गोळी माणूस मोठ्याने मागतो. तोच माणूस जांघेतल्या खाजेचे मलम मागायचे असले की आधी इकडे तिकडे पाहतो, गर्दी ओसरू देतो आणि मग हळूच म्हणतो, “ते खाजेचं एक ट्यूब द्या.” कोणती खाज, कुठे, किती दिवसांची, हे दुकानदार विचारीत नाही आणि हाही सांगत नाही. चार दिवस बरे वाटते. महिन्याने खाज पुन्हा हजर. पुन्हा तेच ट्यूब. असे करता करता एक उन्हाळा जातो, पावसाळा जातो, कधी कधी वर्षे जातात. दुखणे तेच राहते आणि त्याचे नाव काय, हे कोणालाच माहीत नसते.

हे नाव कळणे म्हणजेच निदान. आणि निदानावाचून केलेला उपचार म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आपल्याच भागातले ताजे उदाहरण घ्या. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या आणि आसपासच्या गावांत, आणि नांदुरा तालुक्यातही काही ठिकाणी, माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. लोक घाबरले. कोणी म्हणाले पाणी वाईट आहे, कोणी म्हणाले बुरशी आहे, कोणी साबणाला दोष दिला. पुढे पाण्याचे, रक्ताचे, केसांचे, त्वचेचे नमुने तपासले गेले. दिल्लीहून संशोधक आले. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही शोध घेतला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले, आणि खाण्यातल्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखवले. पुढे काहींची नखेही गळाली. तेही सेलेनियमच्या विषबाधेशी जुळणारे होते. म्हणजे पाहा, दुखणे डोक्यावर होते आणि शोध पोहोचला ताटातल्या पोळीपर्यंत. केसांना निरनिराळी तेले चोळून हे कधी कळले असते का?

केस गेले ते साऱ्या गावाला दिसले, म्हणून गाव बोलले, वर्तमानपत्रे बोलली, सरकार हलले. जांघेतली खाज कोणाला दिसत नाही. तिच्यासाठी पथक येत नाही. ज्याची त्यानेच ती दवाखान्यापर्यंत न्यावी लागते.

आता या दुखण्याच्या मुळाशी काय काय असू शकते ते पाहू. पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या, की या जागी झालेले प्रत्येक दुखणे बाहेरख्यालीपणाचे नसते. ही समजूत फार खोल रुजलेली आहे. तिच्यामुळेच माणूस लपवतो आणि तिच्यामुळेच घरात नाही तो संशय शिरतो. खरे पाहता अशा तक्रारींची कितीतरी कारणे अगदी साधी, घाम आणि साबण यांच्यासारखी असतात.

आपल्याकडे सर्वांत ओळखीचे कारण म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे. तिला ऊब आणि ओल लागते. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. पावसाळ्यात माणूस ओल्या कपड्यांनी दिवसभर पऱ्हाटीत डवरणी करतो. त्यात नायलॉनची घट्ट चड्डी किंवा जाड जीनची पँट. बुरशीला याहून चांगले वावर कुठे मिळणार? गोल चट्टा उठतो, त्याची कड लाल व किंचित उंच असते आणि मध्ये कातडी साफ होत गेल्यासारखी दिसते. खाज मात्र जीव खाते.

हे गजकर्ण पूर्वी साध्या मलमाने काही आठवड्यांत जात असे. आता ते चिवट झाले आहे. गेल्या काही वर्षांत भारतात या बुरशीची एक नवी जात पसरली. जपानी संशोधकांनी २०२० साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावात आपल्या देशाचेच नाव आहे, हा काही अभिमानाचा विषय नव्हे. नेहमीच्या एका प्रमुख औषधाला ही जात पुष्कळदा दाद देत नाही. या चिवटपणाला हातभार लावणारी एक गोष्ट म्हणजे ती हळूच मागितलेली ट्यूब. अशा पुष्कळशा मलमांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टिरॉइड अशी खिचडी असते. स्टिरॉइड खाज आणि लाली झटकन दाबते, म्हणून माणसाला वाटते की गुण आला. पण ते त्वचेची लढण्याची शक्तीही दाबते. बुरशी आत सुखाने पसरते, तिचे रूप बदलते आणि मग डॉक्टरांनाही ती चटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी मुळात नाजूक. महिनोन् महिने स्टिरॉइड लावले की ती पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत म्हणून नियम कडक केले. नियम कागदावर आहे. तो पाळायचा की नाही हे मागणाऱ्याच्याही हाती आहे.

दुसरे कारण खरूज. हा बारीक किडा कातडीत बिळे करून राहतो. खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असते, आणि लिंगावर व अंडकोषावर खाजऱ्या गाठी उठतात. घरात आणखी कोणी खाजवीत असेल तर खरूज प्रथम मनात आणावी. एकट्याने औषध लावून ती जात नाही. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी, डॉक्टर सांगतील तसे औषध लावावे लागते आणि कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे लागते. बरे झाल्यावरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फुकट गेले असे समजू नये.

तिसऱ्या कारणाकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. पुढच्या कातडीच्या आत लाली, दह्यासारखा पांढरा थर, कातडीच्या कडेला बारीक चिरा, कातडी मागे सरताना आग, आणि हे पुन्हा पुन्हा होणे, ही पुष्कळदा मधुमेहाची खूण असते. लघवीत साखर उतरते, त्या साखरेवर बुरशी पोसते. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच दुखण्यावरून प्रथम कळते. चाळिशी गाठलेल्या माणसाला असा त्रास दोनदा झाला तर मलमाआधी रक्तातली साखर तपासावी. ज्यांचा मधुमेह ठाऊक आहे त्यांनी आणखी एक जाणावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण त्यांच्यामुळे काहींना या जागी बुरशी होते. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते पर्याय पाहतील. मात्र त्या भागात एकाएकी फार दुखू लागले, सूज चढली, कातडी काळपट झाली आणि ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. असे क्वचित घडते, पण घडले तर तासांचा हिशोब असतो.

चौथे कारण ऐकून तुम्हांला नवल वाटेल. लिंगाच्या टोकावर एक गोल डाग उठतो, आग होते, कधी फोड येतो. आठ-पंधरा दिवसांत जातो, काळसर खूण ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी नेमक्या त्याच जागी पुन्हा उठतो. माणूस घाबरून जातो. आणि कारण काय? तर अंगदुखीसाठी किंवा हगवणीसाठी मधूनमधून घेतलेली एखादी गोळी! काही औषधांचे काही माणसांना असे वावडे असते, आणि ते शरीरावर दर वेळी तीच जागा धरते. गोळी सापडली आणि कायमची सोडली की दुखणे संपले. पण ती सापडायची कशी? डाग उठला त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय काय पोटात गेले, हे लिहून ठेवल्यानेच.

पाचवे कारण आपण स्वतः लावून घेतो. खाज सुटली की कोणी डेटॉल लावतो, कोणी बाम, कोणी लिंबू, कोणी दिवसातून चार वेळा कडक साबण. नाजूक कातडी भाजून निघते आणि मूळ खाजेवर दुसरी खाज चढते. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला भाग खारपाणपट्ट्याचा. खाऱ्या, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, तो नीट निघतही नाही. चड्डीत धुण्याची पावडर राहून जाते. कपडा दोन पाण्यांतून खळबळून उन्हात वाळवावा. फवारणीच्या दिवसांत तर आणखी जपायला हवे. कीटकनाशकाच्या हातांनी लघवीला बसू नये. आपण लघवीनंतर हात धुवायला शिकलो. शेतकऱ्याने लघवीआधीही धुवावेत.

आता संसर्गाची दुखणी. ती असतात, ती नाकारण्यात अर्थ नाही. बारीक फोडांचा घोस उठणे, ते फुटून झोंबणे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तसेच होणे, हे नागिणीच्या जातकुळीतल्या एका विषाणूचे, हर्पीसचे लक्षण असू शकते. गरमी, म्हणजे सिफिलिस, हिची गोष्ट अधिक फसवी. तिची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, गेले. पण रोग रक्तात राहतो आणि पुढे वर्षांनी मेंदू, हृदय यांवर उठतो. साध्या रक्ततपासणीने ती ओळखता येते आणि पेनिसिलिनने बरी होते. अशा दुखण्यात पत्नीचीही तपासणी आणि उपचार व्हावे लागतात. ते टाळणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहेच, शिवाय दुखणे फिरून आपल्याकडे येते.

राहता राहिली सर्वांत गंभीर शक्यता. पुढची कातडी आवळत चालली, मागे सरेनाशी झाली, पांढरट चट्टा पडला, किंवा एखादी जखम वा गाठ तीन-चार आठवड्यांत भरून आली नाही, तर ती दाखवलीच पाहिजे. लिंगाचा कर्करोग आपल्या देशात अगदीच दुर्मिळ नाही. लवकर कळला तर थोडक्या शस्त्रक्रियेत भागते. लाजेपायी वर्ष घालवले तर अवयव आणि कधी जीवही जातो. कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला की संशय फिटतो.

श्रोतेहो, हे सारे ऐकून तुमच्या ध्यानात आले असेल, की बाहेरून सारखी दिसणारी ही दुखणी आतून किती वेगळी आहेत. एकाला बुरशीचे औषध हवे, दुसऱ्याला साखरेचे, तिसऱ्याला एक गोळी सोडायला हवी, चौथ्याला केवळ साबण बदलायला हवा. मग एकच ट्यूब सर्वांना कशी पुरी पडावी?

तरीही माणूस दवाखान्यात जात नाही, कारण लाज. या लाजेशी महाराष्ट्रात एका प्राध्यापकाने जन्मभर झुंज दिली. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे याच कामापायी त्यांना १९२५ साली नोकरी सोडावी लागली. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. जे घरात विचारता येत नाही ते वाचक तिथे पत्राने विचारीत आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तर देत. या उत्तरांबद्दलच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शिक्षा टळली नाही, पण मासिक थांबले नाही. आपल्या शरीराविषयी सरळ प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी एका माणसाने नोकरी गमावली आणि दंड सोसला. आज तो प्रश्न विचारायला आपल्याला फक्त दवाखान्याची पायरी चढायची आहे.

जिथे डॉक्टरांशी बोलणे थांबते तिथे भोंदूचे दुकान चालू होते. आगगाडीने मलकापूरहून अकोल्याकडे जाताना भिंतींवरच्या जाहिराती वाचा. “गुप्तरोग, सात दिवसांत खात्रीने.” असल्या रोगांवर रामबाण औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? न तपासता जो खात्री देतो, त्याच्याविषयी एवढी एकच खात्री बाळगावी, की तो तुमचा खिसा तपासणार आहे.

तर मग जावे कुठे आणि बोलावे काय? प्रथम आपले ग्रामीण रुग्णालय. तिथे न भागले तर खामगावचे सामान्य रुग्णालय, आणि त्याहून पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला त्वचारोग विभाग. लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तिथे तपासणी आणि सल्ला मोफत मिळतो. एचआयव्हीची तपासणीही मोफत होते, आणि त्याची वाच्यता करू नये असे २०१७ चा कायदा सांगतो. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहून न्या. त्रास केव्हा सुरू झाला. किती वेळा परत आला. आजवर काय काय लावले आणि गिळले. घरात आणखी कोणाला खाज आहे का. मधुमेह आहे का. आणि शरीरसंबंधाविषयी जे खरे असेल ते. बोलताना शब्द अडखळले तर कागदच पुढे करा. लावलेले मलम संपले असले तरी रिकामी ट्यूब सोबत न्या; तिच्यावरच्या बारीक अक्षरांतून डॉक्टरांना पुष्कळ कळते. जाण्याच्या दिवशी औषध, पावडर, तेल काही लावू नका, म्हणजे मूळ रूप दिसेल. डाग दोन दिवसांत जात असेल तर तो असेल त्याच दिवशी जा.

दारात गेल्यावर एवढेच म्हणा, “डॉक्टरसाहेब, खाजगी जागी त्रास आहे, आडोशाला बोलायचे आहे.” आणि तपासून घ्या. न पाहताच कोणी चिठ्ठी लिहू लागले तर विनयाने म्हणा, “साहेब, एकदा पाहून घ्या.” कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहता येते, तपासणी साधी, न दुखणारी आहे. उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: या दुखण्याचे नाव काय? औषध किती दिवस घ्यायचे? पत्नीला वा घरच्यांना औषध लागेल का? आणि खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका. गजकर्णात हीच चूक सर्वाधिक होते.

शिक्षकबंधूंना दोन शब्द. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा सारखी चुळबूळ करतो, बाकावर नीट बसत नाही, खेळाच्या तासाला जात नाही. त्याला चारचौघांत विचारू नका, हसू तर देऊच नका. वसतिगृहात टॉवेल आणि चड्ड्यांची अदलाबदल होते. एकाची खरूज सगळ्यांची होते. वयात येणाऱ्या मुलांना एवढे सांगा, की कातडी सहज मागे सरत असेल तर रोज नुसत्या पाण्याने ती जागा धुवावी, कोरडी करावी आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. सरत नसेल तर ओढू नये, डॉक्टरांना दाखवावे. खाज उठली म्हणजे पाप घडले असे नव्हे, हेही सांगा. पोरगा या भीतीनेच अर्धा झालेला असतो. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची केंद्रे आहेत. त्यांचा पत्ता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. विचारण्याची हिंमत नसलेला मुलगा तो वाचून घेईल.

आणि घरातल्या मंडळींनाही एक विनंती. पुरुषाने असे दुखणे सांगितले तर पहिला प्रश्न “कुठे गेला होतास?” असा नसावा. पहिला प्रश्न “दवाखान्यात कधी जायचे?” असा असावा. पहिल्या प्रश्नाने तो गप्प बसेल आणि दुखणे वाढेल. दुसऱ्याने वाट निघेल. खरे काय ते तपासणीत कळतेच.

बैलाच्या खांद्याला जखम झाली तर आपण दुसऱ्या दिवशी ढोरांचा डॉक्टर बोलावतो. पऱ्हाटीचे पान लाल पडले तर तोडून कृषी केंद्रात नेऊन दाखवतो आणि विचारतो, “हे काय आहे?” आपल्या शरीराविषयी तोच प्रश्न, तितक्याच साधेपणाने विचारायचा आहे. ज्यांना हा त्रास महिनोन् महिने आहे, त्यांनी येत्या आठवड्यातला एक दिवस आजच ठरवावा, कागदाच्या चार ओळी लिहाव्यात आणि निघावे.